आधी आजोबा, मग पेशंट

"किती वाजता?" असं मी विचारलं, शालू. रविवारी सकाळी तुझ्या शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं की शालिनी गेली, आणि माझ्या तोंडातून पहिला शब्द बाहेर पडला तो हा. काय झालं, कसं झालं, आई कशी आहे, यातलं काहीच नाही. काकू गोंधळल्या. मग म्हणाल्या, आत्ताच, पोह्यांना फोडणी देत होती, छातीत कसंतरी होतंय म्हणून खाली बसली ती उठलीच नाही, डॉक्टर येऊन बघून गेले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि डोक्यात गणित सुरू झालं. वर्ध्याचा एप्रिल, पत्र्याचं घर, त्यात गाडी मिळायला लागणारा वेळ. ते गणित पुरं झालं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मी बसून राहिले, फोन हातातच होता.

मैत्रीण गेल्याचं ऐकून तिच्या मेंदूखालची ग्रंथी किती वेळ चांगली राहील हे मोजत बसणारी जात आपलीच, पॅथॉलॉजिस्टची. तू ऐकलं असतंस तर खूश झाली असतीस. "शिकली वं विजू शेवटी," म्हणाली असतीस. मला याचाच राग येतोय. अजूनही येतोय. रडू यायला पाहिजे तिथे राग येतोय, आणि मधेच काहीच येत नाही. मी भाजी निवडते, कॉलेजात जाते, पोरांना शिकवते, आणि अचानक आठवतं की तू नाहीस. मग पुन्हा पहिल्यापासून धक्का बसतो. दर वेळी नवा.

शनिवारी दुपारी आपण भांडलो होतो. रविवारी तू गेलीस. मधे एक संध्याकाळ होती, तिच्यात तू फोन केला नाहीस आणि मीही केला नाही. म्हटलं, सोमवारी चहाच्या वेळी बघू. आपली भांडणं नेहमी चहापर्यंतच टिकायची. हे भांडण मात्र तसंच राहिलं, अर्ध्यात. तुला उत्तर द्यायचं होतं ते माझ्याकडेच पडून आहे.

भांडण कशावरून, तर आजोबांवरून.

बाहेरच्या माणसाला हे सांगायचं तर तू तुझ्या आईला सांगायचीस तसंच सांगावं लागेल. मेंदूच्या तळाशी हाडाच्या एका खोबणीत हरभऱ्याच्या दाण्याएवढी पिट्यूटरी नावाची ग्रंथी असते. तिच्या पेशी हार्मोन तयार करतात. तयार झालं की लगेच रक्तात सोडत नाहीत, आधी बारीक बारीक पिशव्यांत भरून ठेवतात आणि हुकूम आला की सोडतात. त्या पिशव्यांत हार्मोनच्या जोडीला आणखी काही प्रथिनं असतात. त्यांना ग्रॅनिन म्हणतात. मेंदूतल्या काही पेशींतही ती असतात, पिट्यूटरीत तर भरपूर. एखाद्या पेशंटच्या डोक्यातून गाठ काढली आणि ती नेमकी कुठल्या पेशींपासून झाली हे कळत नसलं, की तिची पातळ चकती काचेवर घेऊन आपण ग्रॅनिनचा रंग लावतो. तपकिरी रंग चढला तर या पेशी पिशव्या भरणाऱ्या घराण्यातल्या. नाही चढला तर नाहीत.

पण रंग न चढण्याची दोन कारणं असू शकतात. पेशीत ग्रॅनिनच नसेल, किंवा आपल्या रंगातच काही बिघडलं असेल. म्हणून प्रत्येक वेळी पेशंटच्या काचेसोबत आणखी एक काच लावायची, जिच्यात ग्रॅनिन आहे हे आधीपासून पक्कं माहीत आहे. ती रंगली तरच पेशंटच्या काचेवर विश्वास ठेवायचा. याला सगळं जग कंट्रोल म्हणतं. आपल्या लॅबमध्ये त्याला आजोबा म्हणायचे, आणि ते नाव तू पाडलंस.

आजोबा म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाची पिट्यूटरी. आपण दोघी इथे नोकरीला लागण्याआधी कधीतरी शवविच्छेदनात, घरच्यांच्या परवानगीने काढलेली, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेली. वरती फक्त एक नंबर. त्या मेणाच्या ठोकळ्यातून आपले मोहनभाऊ टेक्निशियन केसापेक्षा बारीक चकत्या कापायचे आणि कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे. सकाळी लॅबमध्ये आल्यावर तू पर्स ठेवायच्याही आधी विचारायचीस, "मोहनभाऊ, आजोबा बोलले का?" रंग चांगला चढला असेल तर ते म्हणायचे, बोलले. नसेल चढला तर, आज रुसले मॅडम. आजोबा रुसले की सगळी बॅच पुन्हा. मग सर्जनचे फोन येवोत की डीन साहेबांचा निरोप येवो.

मला ती सवय कधी लागली नाही. ट्रे समोर आला की माझा हात आधी पेशंटच्या काचेकडे जायचा. माणसाला काय झालंय याची मला घाई असते, मी तशीच आहे. आपण दोघी त्या दोन बाजूंनी बघायच्या मायक्रोस्कोपला बसायचो, मी या बाजूला, तू समोर, एकच काच दोघींना दिसायची. मी पेशंटची काच लावली की तू डोळे काढून घ्यायचीस. खरंच, डोळे बाजूला करून खिडकीतून बाहेरच्या कडुनिंबाकडे बघत बसायचीस. म्हणायचीस, "आधी आजोबा, मंग पेशंट." मी चिडून काच बदलायचे. इतकी वर्षं हे चाललं आणि तू एकदाही सवलत दिली नाहीस.

माणसं म्हणायची, शालिनी मॅडम शांत आहेत. शांत कसल्या, अडेल. कोण म्हणेल हिंगणघाटची! हिंगणघाटची माणसं हसून खेळून काम काढून घेतात. तू ऐकणारीच नव्हेस.

ग्रॅनिनचं वेड तुला तिथलंच, हे मला फार उशिरा कळलं. तुझे बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये प्रेसवर होते. लहानपणी तू डबा घेऊन जायचीस तेव्हा सरकी काढलेली मोकळी रुई गोदामभर पसरलेली असायची, छतापर्यंत. आणि बाबा आणि त्यांची माणसं ती दाबून दाबून एवढ्याशा गाठी करायची, वरून पट्ट्या आवळायची. मी तुला नेहमी डिवचायचे. म्हणायचे, सगळे लोक हार्मोनवर काम करतात, तू मात्र बांधणीच्या पट्ट्यांवर जीव टाकतेस. एकदा बोर धरणावर आपण दोघी गेलो होतो, हिंगणीकडून परत येताना रस्त्यावर चहाला थांबलो, तिथे मी हे पुन्हा म्हटलं. तू कप खाली ठेवलास. मग समजावून सांगितलंस, एखाद्या पहिलीतल्या पोराला सांगावं तसं. पट्टी नसती तर गोदामातली रुई गाठीत मावलीच नसती. ग्रॅनिन हार्मोनला दाबून बसवतं म्हणून एवढ्याशा पिशवीत एवढा माल मावतो. आणि गाठ दूर कुठे गिरणीत उघडली की मालासोबत पट्टीही बाहेर पडते. हार्मोन बाहेर पडलं की ग्रॅनिनही रक्तात उतरतं. मग पट्टी सापडली तर गाठ कुठून आली ते कळतं.

एवढं बोलून तू चहा संपवलास आणि म्हणालीस, "बाबाचं नाव कोन्या गाठीवर नव्हतं. पट्टी त्याईच्याच हातची होती, पन."

मी त्यावर काहीतरी फालतू विनोद केला होता. आता तो आठवतही नाही.

आजोबांचं नाव तुझ्या आईनेच पहिल्यांदा विचारलं. आठवतं? मोतीबिंदूच्या तपासणीला आई आली होती आणि तू तिला लॅबमध्ये घेऊन आलीस. स्टुलावर बसवून, चष्मा काढायला लावून तू तिला आजोबा दाखवलेस. मी समोरच्या बाजूने बघत होते. कुठल्या पेशी गडद, कुठल्या फिकट, कुठल्या कोऱ्या, तू मायक्रोस्कोपमधल्या बाणाने एक एक दाखवत होतीस. आई बराच वेळ बघत राहिली. मग डोळे न काढताच विचारलं, "याईचं नाव काय होतं?" तू म्हणालीस, माहीत नाही, नंबर आहे. आईने मान वर केली. म्हणाली, रोज बिचाऱ्याकडून काम करून घेता आणि नाव माहीत नाही? तू हसून वेळ मारून नेलीस. पण त्या दिवसानंतर सकाळी आजोबांबद्दल विचारताना तुझा आवाज थोडा वेगळा यायचा. मला तेव्हाच जाणवलं होतं, बोलले नाही इतकंच.

आणि आजोबा संपत आले होते. हरभऱ्याएवढी वस्तू किती पुरणार? मोहनभाऊ कित्येक महिन्यांपासून सांगत होते, ब्लॉकमध्ये मेणच जास्त उरलंय. आपण इकडेतिकडे विचारत होतो. पिट्यूटरी द्यायला लोक तयार होत नाहीत. डोकं उघडावं लागतं ना. मी म्हटलं, अपेंडिक्स लावू, सगळं जग तेच लावतं, त्यातही ग्रॅनिनच्या पेशी असतात. तू म्हणालीस, अपेंडिक्सच्या त्या चार पेशी नुसत्या ओरडतात. रंग अर्धा मेला तरी त्या दिसणारच. आपल्याला कुजबुजणारं ऐकू येतं की नाही ते बघायचंय. पिट्यूटरीत एकाच काचेत ओरडणारे, कुजबुजणारे आणि गप्प बसणारे सगळे असतात, म्हणून पिट्यूटरीच पाहिजे. मग सहज, डब्यातलं वांग्याचं भरीत माझ्या पोळीवर ठेवत म्हणालीस, "माहा देह तं दिलेलाच हाये. मंग माहीच घेजो. पन तूच काढजो वं, दुसरं कोनी काढन तं चुरगाळून ठेवन."

मी म्हटलं, मी तुझ्याआधी जाणार, साखर माझी जास्त आहे. त्यावर तू माझी पोळी माझ्याकडे ढकललीस आणि विषय तिथेच संपला. तो खरोखरचा विषय होता हे मला कुठे ठाऊक होतं?

शनिवारच्या ट्रेमध्ये हिंगणीच्या एका बाईची काच होती. डोळ्यांना अंधारी यायची, बाजूचं दिसेनासं झालं होतं, म्हणून सर्जनने पिट्यूटरीच्या जागची गाठ काढली होती. तिचा नवरा रोज एसटीने येऊन बाकावर बसायचा आणि रिपोर्ट झाला का विचारायचा. पिशवीत पाण्याची बाटली आणि कपड्यात बांधलेला डबा, एवढंच सामान. गाठ पिट्यूटरीच्याच पेशींची साधी गाठ आहे की दुसरीकडून आलेलं वाईट काही आहे, यावर त्या बाईचं पुढचं सगळं अवलंबून होतं. काचेवर रंग होता, पण फिका. आजोबांच्या ब्लॉकमधून मोहनभाऊंच्या हाती त्या दिवशी नुसतं मेण आलं होतं, एक कडेचा तुकडा सोडला तर काहीच नव्हतं.

मी म्हटलं, फिका असला तरी रंग आहे, पेशींची ठेवण बघ, पिट्यूटरीचीच साधी गाठ आहे, सही करून टाकू, तो माणूस बाहेर बसलाय. तू म्हणालीस, फिका रंग खरा आहे की रंगच फिका पडलाय, कशावरून सांगतेस? मी म्हटलं, पंचवीस वर्षं डोळे फोडून घेतले त्यावरून. तू म्हणालीस, डोळ्यांवर भरवसा असता तर कंट्रोल कशाला लावतो? मग माझा आवाज चढला. मी म्हटलं, तुझ्या त्या आजोबांपायी एक बाई ताटकळते आहे. तू उठलीस, पदर खोचलास, तुझी नेहमीची सवय, आणि शांतपणे म्हणालीस, "आजोबा बोलल्याशिवाय माही सही होनार नाई. सोमवारी नागपूरवरून काच मागवतो."

तू त्या माणसाकडे स्वतः गेलीस. मी काचेच्या दारातून बघितलं. त्याच्या शेजारी बाकावर बसून काहीतरी बोललीस, तो मान हलवत होता. मग चहा न घेता निघून गेलीस. तुझी दूर जाणारी पाठ हे माझ्याजवळचं तुझं शेवटचं चित्र आहे, आणि मला ते आवडत नाही. दुसरं कुठलं तरी असायला हवं होतं. भरीत वाढतानाचं चाललं असतं.

रविवारी मी तुझ्या घरी पोचले तेव्हा गल्ली भरली होती. तुला बैठकीत ठेवलं होतं, पांढऱ्या साडीत. बुद्धांच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या होत्या आणि वस्तीतल्या बाया त्रिशरण म्हणत होत्या. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि मला वाटलं तू डोळे बाजूला करून बसली आहेस, मी चुकीची काच लावल्यासारखी. ओट्यावर परातीत भिजवलेले पोहे तसेच होते, फुगून मोकळे झालेले. कोणीतरी गॅस बंद केला होता. मला त्या पोह्यांकडे बघवेना.

डोळे काढायला नेत्रपेढीची माणसं येऊन गेली होती. देह कॉलेजात जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तू तो विषय कधी लपवलाच नव्हतास. उरली होती ती माझी गोष्ट, आणि ती विचारायची कशी? मैत्रिणीच्या आईला, सकाळीच पोरगी गेलेल्या बाईला, मी म्हणू काय? आई, तिचं डोकं उघडू देता? मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून घड्याळ बघत होते. शालू, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात घाणेरडा वेळ होता. प्रत्येक मिनिटाला वाटायचं, जाऊ दे, अपेंडिक्स लावू. सगळं जग तेच लावतं.

शेवटी मी तुझ्या भावाला, राजूला, बाजूला घेतलं. तो हिंगणघाटहून मोटरसायकलवर आला होता, शर्ट घामाने भिजलेला, डोळे लाल. त्याने ऐकून घेतलं आणि एकदम मागे सरकला. "ताई, देह दिला, डोळे दिले," तो म्हणाला, "आता आनखी डोकं काऊन फोडता तिचं?" त्याचा आवाज मोठा नव्हता, पण बाया म्हणता म्हणता थांबल्या. मला वाटलं जमीन दुभंगावी. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, कदाचित याहून वाईट.

आईने ऐकलं होतं. तिने हाताने मला जवळ बोलावलं. मी तिच्यासमोर खाली बसले. तिने विचारलं, काय पाहिजे तुला? मी सांगितलं. ती हरभऱ्याएवढी वस्तू, आजोबांसारखी. तू जेवताना काय म्हणाली होतीस तेही सांगितलं, भरितासकट. हिंगणीच्या बाईचं सांगितलं नाही, तेव्हा ते सुचलंही नाही. आई तुझ्याकडे बघत होती. मग तिने विचारलं की ही तीच का, जी शालूने आपल्याला दुर्बिणीतून दाखवली होती. मी म्हटलं, हो, तीच, पण ती दुसऱ्याची होती.

"तू काढशीन? तुह्या हातानं?"

"हो, आई."

राजू दारात उभा होता, तो बाहेर बघत होता. मग आईने माझा हात धरला. तिचा हात थंड होता आणि पकड घट्ट.

"मंग ने," ती म्हणाली. "पन तिले आजी-गिजी म्हनू नोका. त्या बुढ्याचं नाव कोनाले मालूम नव्हतं. माह्या पोरीले नाव हाये. डब्बीवर नंबर लिहा लागते तं लिहा, पन तोंडानं नाव घेजा."

राजूने मग गाडी बोलावली. संमतीच्या कागदावर सहीही त्याच्याच पेनने आईने केली, एकेक अक्षर जोडत. मी नीट म्हणालेही नाही की आभारी आहे. काय म्हणायचं असतं अशा वेळी? तू सांगितलं असतंस, तुला अशी माणसं सांभाळता यायची.

पुढचं मी थोडक्यात सांगते, तुला सगळं ठाऊकच आहे. चेहरा झाकला होता. शरीरशास्त्राच्या सरांनी विचारलं, मॅडम, आम्ही करतो, तुम्ही बाहेर थांबा. मी नाही म्हटलं. माझे हात थरथरले नाहीत, शालू. मला वाटलं होतं थरथरतील, तसं झालं असतं तर बरं झालं असतं. खोबणीच्या कडेचं हाड हलकेच काढलं, पडदा कापला, आणि तू म्हणायचीस तशी, न चिमटता, खालून उचलून घेतली. चुरगाळली नाही. चांगली होती. तुझं सगळंच टापटीप. फॉर्मॅलिनच्या बाटलीत ती तळाशी जाऊन बसली तेव्हा मी बाटली उजेडात धरली आणि मनात म्हटलं, एवढीशी? एवढ्यात कसं मावलं हे सगळं? मग मला बाबांच्या गाठी आठवल्या. तिथे, त्या खोलीत, मी पहिल्यांदा रडले. सर बिचारे खिडकीशी जाऊन उभे राहिले.

हिंगणीच्या बाईचा नवरा सोमवारीही आला. त्याने मला विचारलं, त्या मॅडम कुठे आहेत? त्यांनी मला सांगितलं होतं, दादा थोडं थांबा, खात्री झाल्याशिवाय कागद देणार नाही. मी त्याला सांगितलं. तो बाकावरून उठला, परत बसला. मग म्हणाला, मी थांबतो. तेवढंच. डबा उघडला नाही त्याने त्या दिवशी. मी सर्जनला फोन करून वेळ मागून घेतला. नागपूरहून काच मागवता आली असती, फोनही हातात घेतला होता. पण मला ती नको होती. चूक की बरोबर ते माहीत नाही. तू असतीस तर रागावली असतीस की पेशंटला का थांबवलंस, आणि मी म्हटलं असतं, आता कोण बोलतंय बघा.

दोन दिवसांनी मोहनभाऊंनी ब्लॉक केला. त्यांनी त्या दिवशी मशीनवर दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. पाण्यावर तुझी पहिली चकती तरंगली तेव्हा त्यांनी चप्पल काढून ठेवल्याचं मला दिसलं. मी न बघितल्यासारखं केलं. नोंदीसाठी नंबर लिहिला, आणि मी त्यांना आईचा निरोप सांगितला. ते म्हणाले, मॅडम, मले त्यांचं नाव नाई घेता येत हो, मोठ्या होत्या. मी म्हटलं, तुम्हाला जमेल ते घ्या.

आज सकाळी ट्रे समोर आला. नव्याने रंगवलेल्या दोन काचा, एक तुझी, एक हिंगणीच्या बाईची. आपल्या त्या मायक्रोस्कोपला मी माझ्या बाजूला बसले. समोरची खुर्ची कोणी हलवली नव्हती, तुझी शाल अजून पाठीवर आहे, एसीचा वारा लागतो म्हणून ठेवायचीस ती. आणि शालू, माझा हात पेशंटच्या काचेकडे गेला. इतकं सगळं होऊनही. सवय मोडत नाही बघ. काच उचलली, अर्ध्यात थांबले, परत ठेवली, आणि तुझी लावली.

काय सांगू? छान रंगली होती. गडद होत्या त्या गडद, फिकट होत्या त्या फिकट, मधे मधे कोऱ्या, आणि मागच्या भागात बारीक तपकिरी शिंतोडे. ओरडणारे, कुजबुजणारे आणि गप्प बसणारे. इतकी वर्षं तुझ्यासोबत बसले, तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला कधी पुरतं कळलं नाही, आणि आता तुझ्या डोक्यातलं एक दाणाभर माझ्या समोर उजेडात होतं. मला त्यातून तुझ्याबद्दल काहीच कळलं नाही. पेशी त्या पेशी. पण मी बघत राहिले, कोणी मागे उभं आहे की नाही हे न बघता.

मग तिची काच लावली. तपकिरी. स्वच्छ, ठसठशीत, शंकेला जागा नाही; शनिवारी रंगच फिका पडला होता. पिट्यूटरीचीच साधी गाठ. शनिवारी मी म्हटलं होतं तेच, अगदी शब्दाशब्दाने. माझंच बरोबर होतं, शालू. मी डोळे वर काढले आणि समोर बघून म्हणणार होते, बघ, सांगत होते की नाही? समोर शाल होती. इतक्या वर्षांत तुझ्यावर जिंकायची एक संधी आली आणि तू खुर्चीत नाहीस. आणि जिंकले म्हणावं तरी कसं? आता नोकरी आहे तोवर रोज सकाळी, प्रत्येक पेशंटच्या आधी, मला तुझ्याकडे बघावं लागणार. तुला हेच हवं होतं ना? वाद जिंकायची ही कुठली रीत?

मोहनभाऊ दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या मागे, बाकावर, तो हिंगणीचा माणूस दिसत होता, पिशवी मांडीवर घेऊन. मोहनभाऊंनी घसा खाकरला. रोजचाच प्रश्न होता, पण त्यांना तो जड गेला.

"मॅडम, आपल्या मॅडम बोलल्या का?"

"बोलली शालू."

"काय म्हन्तात?"

मी रिपोर्ट पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं. म्हटलं, "म्हणते, आता कर सही."